विश्लेषण : मोटारींचे जुने किट पुन्हा बाजारात कसे येतात?

सुटे प्लॅस्टिक भाग जोडून मोटारीची प्रतिकृती करण्याचा छंद अमेरिकेत १९५०च्या दशकात फोफावला. त्या काळी नावाजलेल्या ‘एएमटी’चे १:२५ प्रमाणातील जुने किट आता ‘राउंड २’ ही कंपनी पुन्हा काढते. यात खरा खर्च पोलादी साच्याचा. तो शाबूत असेल, तर त्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबाने भरले की तेच भाग मिळतात. मात्र, मोटारीचे नवे मॉडेल आले की अनेकदा जुनाच साचा बदलून वापरला जाई. मग आधीच्या वर्षाची गाडी त्यातून काढता येत नसे. ती हवी असेल, तर जपलेल्या किटवरून मापे घेऊन साचा नव्याने घडवावा लागतो. अशा पुनरागमनाने संग्राहकाकडील बंद खोक्याचा भाव उतरू शकतो. पण ज्याला गाडी जोडायचीच आहे, त्याच्या ती आवाक्यात येते.