तीन सर्व्हर, तीन अनोळखी माणसं

वाशिम, कारंजा किंवा रिसोडमध्ये कुणी ओळख लपवणारा टोर ब्राउझर उघडला की त्याची विनंती तीन सर्व्हरमधून पुढे जाते. पहिल्याला माणूस कुठून आला ते कळतं, कुठे चाललाय ते नाही. तिसऱ्याला संकेतस्थळ दिसतं, माणूस नाही. मधल्याला दोन्ही नाही.

असे हजारो सर्व्हर जगभरातले स्वयंसेवक चालवतात, बहुतेक पदरमोड करून. टोरची मूळ कल्पना 1990 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत जन्मली. टोर 2002 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. खरं धाडस तिसऱ्या सर्व्हरवाल्याचं. कुणी गैरवापर केला तर संकेतस्थळाच्या नोंदीत याचाच आयपी पत्ता उमटतो आणि पोलिसांची विचारणा याच्याच दारी येते. म्हणून तिसरा सर्व्हर घरून चालवू नये.

मधल्या सर्व्हरलाही सार्वजनिक आयपी पत्ता लागतो, शिवाय महिन्याला किमान 100 जीबी जावक आणि तितकीच आवक. एकच पत्ता अनेक घरांत वाटलेल्या कनेक्शनवर हे जमत नाही. ‘स्नोफ्लेक’ हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन मात्र तिथेही चालतं. टोरवर बंदी असलेल्या देशातल्या माणसाला त्यातून आत शिरायची वाट मिळते, आणि तुमच्या पत्त्यावरून कुठलंही संकेतस्थळ उघडलं जात नाही. घरी अमर्याद डेटा असेल तर ते जरूर बसवा.