पडद्यावरचा निलंबित इन्स्पेक्टर आणि खरा

मासेमारी बंदीच्या दिवसांत वसईच्या पाचूबंदरला होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढल्या, की जाळी दुरुस्त करणाऱ्या पोरांच्या शेजारी मोबाइलवर हिंदी सिनेमा चालू असतो. खोट्या आरोपात अडकलेला पोलीस अधिकारी हा त्यातला लाडका नायक. २००४ च्या 'अब तक छप्पन'मध्ये नाना पाटेकरांनी रंगवलेला साधू आगाशे मलाही आवडतो. पण असे सिनेमे पाहून कायद्याबद्दल जे समज पक्के होतात, ते प्रत्यक्ष वेळ आली की महागात पडतात.

गैरसमज : सस्पेंड झाला म्हणजे नोकरी गेली.
निलंबन ही शिक्षाच नव्हे. अधिकारी ४८ तासांहून जास्त अटकेत राहिला, तर तो निलंबित धरला जातो. त्याचे अधिकार थांबतात, पण शिस्तीचे नियम सुटत नाहीत. पगाराऐवजी निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण अर्धपगारी रजेच्या पगाराइतका. साधू आगाशे देश सोडून डॉनपर्यंत पोचतो. खऱ्या निलंबित अधिकाऱ्याला मुख्यालय सोडायलाही परवानगी लागते.

गैरसमज : वरिष्ठ चिडले की जागच्या जागी बडतर्फ.
राज्यघटनेच्या कलम ३११ प्रमाणे आधी दोषारोप, मग चौकशी आणि बाजू मांडायची संधी. चौकशीविना बडतर्फी हा अपवाद. मे २०२१ मध्ये मुंबईचे पोलीस अधिकारी सचिन वाझे यांना तसे काढले होते.

गैरसमज : कोर्टातून सुटला की दुसऱ्या दिवशी ड्युटीवर.
विभागीय चौकशी वेगळी चालते आणि तिथे पुराव्याची कसोटीही वेगळी असते. मुंबईचेच पोलीस अधिकारी दया नायक यांना बेहिशेबी मालमत्तेच्या प्रकरणात २००६ मध्ये अटक झाली. न्यायालयातून दिलासा मिळाला, तरी ते सेवेत परतले २०१२ मध्ये. मधली वर्षे सिनेमात एका गाण्यात सरतात.

गैरसमज : एन्काउंटरवर चौकशी लावली म्हणजे बिचाऱ्याला अडकवले.
हा समज सगळ्यांत घातक. ११ नोव्हेंबर २००६ ला रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया मुंबईत मारला गेला. पोलिसांनी चकमक सांगितली. पण त्याला उचलून नेल्याचे कळताच त्याच्या वकील भावाने वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. त्या कागदांवरची वेळ मृत्यूच्या आधीची होती. उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले, २०१३ मध्ये १३ पोलीस दोषी ठरले. तेव्हा सुटलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली. त्यांचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले.

२०१४ पासून चकमकीत मृत्यू झाला की गुन्हा नोंदवणे, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून तपास आणि दंडाधिकारी चौकशी सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक केली. प्रामाणिक अधिकाऱ्याला तर हा तपास हवाच असतो, कारण त्याच्या बाजूने बोलणारा कागद त्यातूनच तयार होतो.

पाचूबंदर १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात आहे. इथल्या ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची तक्रार घेतली नाही, मग ती पोलिसाविरुद्ध का असेना, तर ती लेखी स्वरूपात टपालाने आयुक्तालयातल्या वरिष्ठांकडे पाठवता येते. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. मात्र पाठवलेल्या प्रत्येक कागदाची तारीख-वेळ असलेली पोच घ्या आणि जपून ठेवा.