खुर्ची मिळाली, कारकून कुणाचा?

शिरूर घोडनदीच्या काठचे, दौंड रेल्वेचे जंक्शन. दोन्ही ठिकाणी नगरपरिषद आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना राखीव जागा मिळाल्या; २०११ मध्ये महाराष्ट्राने महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. खुर्ची मिळाली, पण तिच्यामागे उभा राहणारा कर्मचारी मिळाला काय?

मुख्याधिकारी शासन नेमते आणि कर्मचारी त्यांच्या हाताखाली असतात. आमदाराला शासनाच्या खर्चाने स्वीय सहायक मिळतो. नगरसेवकाला मात्र विषयपत्रिका समजावून सांगणाराही कुणी नसतो. प्रस्थापित घरातल्या नगरसेवकाचे त्यावाचून अडत नाही. वकील, हिशेबनीस, ठेकेदार त्याच्या ओट्यावरच बसलेले असतात. अडते ते झाडूवालीच्या लेकीचे. अंदाजपत्रक तिच्यापुढे येते आणि ती दाखवाल तिथे सही करते. मग हीच मंडळी म्हणतात, "बघा, राखीव जागेचा कारभार!"

म्हणून लोकप्रतिनिधींसाठी किमान कर्मचारी कायद्यानेच ठरवावेत, असे आमचे मत आहे. हे काम स्थानिक ठरावावर सोडू नये. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. अंमल झाला नाही. १९२७ मध्ये बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने तो ठराव रद्दच केला. बहुमताने दिलेले बहुमत काढून घेते, हा धडा आम्ही विसरलेलो नाही. तेव्हा दुरुस्ती व्हावी ती १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमातच.

पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. गटारात उतरणारा आमचा भाऊ ठेकेदाराच्या हजेरीवर आणि अध्यक्षांच्या दालनात तीन शिपाई, हे आम्हाला नको. आधी सफाई कामगारांची रिक्त पदे कायमस्वरूपी भरा. त्यानंतर सर्व सदस्यांसाठी मिळून एकच कक्ष करा. कायदा जाणणारा एक आणि हिशेब जाणणारा एक, एवढे दोघे पुरेत. नेमणूक बिंदुनामावलीनुसार व्हावी, अध्यक्षांच्या भाच्या-पुतण्यांतून नव्हे.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी काही वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. शिरूर-दौंडच्या कार्यकर्त्यांनी आता नुसते सत्कार करू नयेत. निवडून आलेल्या भगिनीला विचारावे, "ताई, अंदाजपत्रक कोण वाचून दाखवतो?" उत्तर ठेकेदार असेल, तर सत्ताही त्याचीच आहे. आपली फक्त सही.