सोंगाच्या खेळांतील गुणांचा हिशेब

वाड्याच्या चौकांत मुलें लढाईचा खेळ मांडतात, तेव्हां पहिलीं दहा मिनिटें मोठ्या आनंदांत जातात. एकजण राजा होतो, दुसरा सेनापति होतो, खराट्याच्या काडीचा बाण होतो. पुढें मात्र हटकून तंटा उपस्थित होतो. एक म्हणतो, "तुला बाण लागला, तूं मेलास." दुसरा म्हणतो, "छे! मीं केव्हांच ढाल पुढें केली होती." दोघांचेंहि म्हणणें कल्पनेंतलें, म्हणून दोघेहि खरे आणि दोघेहि खोटे. अखेर जो अंगानें दांडगा किंवा आवाजानें मोठा, त्याचा बाण लागतो आणि दुसरा रुसून घरीं जातो. सोंगाच्या खेळांतली ही फार जुनी अडचण आहे. कल्पनेला आवर कोणी घालावयाचा?

ह्या अडचणीवरचा एक तोडगा अमेरिकेंत १९७४ सालीं छापून प्रसिद्ध झाला. विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा ह्या लहानशा गांवचे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटा संस्थानांतले डेव्ह अर्नेसन हे दोघेहि टेबलावर सैन्यें मांडून लढाया खेळणारे शौकीन होते. त्यांनीं प्रत्येक खेळाडूच्या हातीं सैन्याऐवजीं एकच कल्पित वीर दिला आणि त्या खेळाचें नांव ठेवलें "डंजन्स अँड ड्रॅगन्स". हा खेळ असा चालतो. चारपांच मंडळी टेबलाभोंवतीं बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो आणि भुयारें, अरण्यें, राक्षस ह्यांचें वर्णन करूं लागतो. बाकीचे एकेका पात्राचें सोंग घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी धर्मोपदेशक. सूत्रधार सांगतो, "पुढें दहा हात रुंद दरी आहे." खेळाडू म्हणतो, "मी उडी मारतों." उडी साधली कीं नाहीं, हें एकाच्या हट्टावर किंवा दुसऱ्याच्या लहरीवर न सोडतां त्या पात्राचे गुण आणि फांशांचें दान ह्यांवरून ठरवितात. चौकांतल्या तंट्याचा निकाल असा आंकड्यांनीं लागतो.

गुण एकंदर सहा कल्पिले आहेत. बळ, बुद्धि, शहाणपण, काटकपणा, चापल्य, आणि इतरांवर पडणारी छाप. मूळ नियमांत प्रत्येक गुणासाठीं तीन फांसे टाकून त्यांची बेरीज घेत. ती तीनपासून अठरापर्यंत कांहींहि येऊं शकते. परंतु सर्व बेरजा सारख्या वेळां येत नाहींत. तीन फांसे एकंदर २१६ प्रकारें पडूं शकतात. त्यांपैकीं ५४ प्रकारांत बेरीज दहा किंवा अकरा होते. अठरा मात्र एकाच प्रकारें येतात, आणि तीनहि एकाच प्रकारें. कोणत्याहि शाळेच्या वर्गांत मध्यम मुलांची गर्दी असते, अगदीं हुशार आणि अगदीं मंद असे विद्यार्थी दोन टोकांना एखाददुसरेच असतात. खऱ्या जगाचें हें रूप तीन साध्या फांशांनीं खेळांत उतरलें. त्यामुळें कल्पित नगरींतलीं माणसें खरीं वाटूं लागलीं.

परंतु जें खरें वाटतें तें खेळाला सोयीचें असतेंच असें नाहीं. समजा, दोन मित्रांनीं फांसे टाकले. एकाच्या वीराला सर्वत्र पंधराच्या आसपास गुण मिळाले, दुसऱ्याच्या वीराला सातआठ. हा खेळ एका बैठकींत संपत नाहीं, महिनोन् महिने चालतो. तेवढा काळ पहिल्यानें दरवाजे फोडावे, राक्षस मारावे. दुसऱ्यानें त्याच्यामागें कंदील धरून चालावें! जगांत असा अन्याय खरोखरच असतो, पण सुटीच्या संध्याकाळीं तो मुद्दाम मांडून घेण्यास कोण तयार होईल?

म्हणून नियम बदलत गेले. १९७९ च्या सूत्रधाराच्या ग्रंथांत चार फांसे टाकून त्यांतला सर्वांत लहान वगळावा, अशी एक रीत दिली. तिनें सरासरी साडेदहावरून बाराच्या वर गेली. १९८६ त स्टीव्ह जॅक्सन ह्यांच्या "गर्प्स" ह्या खेळानें दैव अजिबात बाजूस सारून बाजाराची रीत आणली. तेथें प्रत्येकास सारखेंच भांडवल, साधारणतः शंभर अंक, आणि त्यांतून गुण विकत घ्यावयाचे. बळ दहावरून अकरावर नेण्यास दहा अंक पडत. पंधरावरून सोळावर नेण्यास वीस. भांडवल अपुरें पडल्यास एखादें व्यंग पत्करावें, जसें एका डोळ्यानें आंधळें असणें किंवा कंजूषपणा, म्हणजे कांहीं अंक परत मिळत. चढत्या किंमतीची ही युक्ति मार्मिक आहे. शिखराजवळची पायरी अधिक महाग, हें न्यायालाहि धरून आहे आणि अनुभवालाहि.

तथापि ह्यालाहि दुसरी बाजू आहेच. २०१४ च्या "डंजन्स अँड ड्रॅगन्स" मध्यें १५, १४, १३, १२, १० आणि ८ असा तयार संच दिला आहे. तो सहा गुणांत हवा तसा वांटावा. मग योद्ध्याचा खेळाडू पंधरा बळाला देतो आणि आठ बहुधा बुद्धीच्या माथीं मारतो. सगळे योद्धे एका साच्यांतले निघतात. अंगानें किरकोळ पण डोक्यानें तल्लख असा शिपाई फांशांनीं एखादे वेळीं अवचित दिला असता. हिशेबी खेळाडू त्याला जन्मासच येऊं देत नाहीं.

गुण ठरल्यावर त्यांचें वजन किती धरावें, हा दुसरा प्रश्न. ह्याच २०१४ च्या नियमांप्रमाणें वीस बाजूंच्या फांशावर अठरा बळाच्या मल्लास चार अधिक मिळतात, दहा बळाच्या सामान्य माणसास कांहींच नाहीं. दोघांनीं पंजा लढविला आणि एकेकदां फांसा टाकला, तर शंभरांत तीस वेळां सामान्य माणूस जिंकतो, चार वेळां बरोबरी होते! तालमीचें तोंड पाहिलेला कोणीहि ह्यावर विश्वास ठेवणार नाहीं. पण त्याच चार अंकांनीं दरी ओलांडतांना किंवा तरवार चालवितांना खेळाडूचा श्वास रोखून धरला जातो. कारण निकाल आधींच ठाऊक असेल तर खेळ उरतच नाहीं. म्हणूनच त्या नियमांत सूत्रधाराला बजावलें आहे कीं, जेथें निकालाविषयीं खरोखर शंका असेल तेथेंच फांसा टाकवावा. मल्लाचा पंजा शहाण्या सूत्रधारानें फांशाविनाच निकालांत काढावा. १९९१ च्या "अँबर" ह्या खेळानें तर फांसेच काढून टाकले. तेथें ज्याचा गुण वरचढ तोच समोरासमोरच्या झुंजींत सरस, आणि दुर्बळानें जिंकावयाचें तर झुंजीची जागाच युक्तीनें बदलावयाची.

गुण कोणते मोजावे, ह्यावरूनहि खेळाचें जग ओळखतां येतें. १९७७ च्या "ट्रॅव्हलर" मध्यें वीर अंतराळांत हिंडतात. तेथें शिक्षण आणि सामाजिक दर्जा ह्यांचेहि आंकडे आहेत, आणि खेळ सुरू होण्यापूर्वींच्या नोकरींत पात्र मरूनहि जाऊं शकतें. १९८१ च्या "कॉल ऑफ कथुलू" मध्यें मनाची शुद्ध मोजली जाते. भयंकर देखावे पाहून ती उतरत जाते. पहिल्या खेळांत माणूस आपल्या पेशानें बनतो, दुसऱ्यांत तो भयानें मोडतो.

आतां सर्वांत नाजूक मुद्दा. "खरें वाटलें पाहिजे" हा आग्रह धरणाऱ्यानें प्रथम स्वतःच्या समजुती तपासल्या पाहिजेत. १९७८ च्या "डंजन्स अँड ड्रॅगन्स" च्या नियमांत अठरा बळाच्या योद्ध्यांसाठीं वर आणखी शंभर पायऱ्या ठेवल्या होत्या. पुरुष योद्धा शंभराव्या पायरीपर्यंत चढूं शके. मनुष्यजातीच्या स्त्रीला पन्नासाव्या पायरीवर थांबावें लागे. जेथें सर्प पंख पसरून आग ओकतात आणि मांत्रिक हातवाऱ्यांनीं वीज पाडतात, तेथें अविश्वसनीय काय ठरलें, तर एका स्त्रीचा दंड! पुरुषांचें बळ सरासरीनें अधिक असतें, हें कोणी नाकारीत नाहीं. पण सरासरी ही समुदायाची गोष्ट आहे आणि कथेची नायिका ही एकच व्यक्ति. ती असामान्य आहे म्हणूनच तर तिची कथा सांगावयाची. १९८९ च्या आवृत्तींत हा नियम राहिला नाहीं. पुढें तोच प्रश्न कल्पित जातींविषयीं निघाला. अमुक वंशांत जन्मला म्हणून अधिक बलवान, तमुक वंशांतला म्हणून अधिक चपळ, हे जन्मसिद्ध अंक हवे त्या गुणाकडे वळविण्याची मुभा २०२० मध्यें मिळाली, आणि २०२४ च्या नियमांत ते वंशाऐवजीं पात्राच्या पूर्वायुष्याशीं, म्हणजे त्यानें काय केलें व काय शिकलें ह्याच्याशीं, जोडले गेले. दोन वंश निराळे वाटेनासे झाले, अशी तक्रार कांहीं खेळाडू करतात. तिच्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण जन्मानें माणसाचे अंक ठरावे कीं करणीनें, ह्या प्रश्नाचें उत्तर खेळांत सुद्धां सहजासहजीं देऊं नये, एवढें तरी त्या वादानें शिकविलें.

मराठींत गुण हा शब्द तीन अर्थांनीं चालतो. वस्तूचा धर्म तो गुण, माणसाचा सद्‌गुण तो गुण, आणि परीक्षेच्या कागदावर तांबड्या शाईनें पडतात तेहि गुणच. ह्या तिन्ही अर्थांची गल्लत होते तेव्हां खेळांतहि घोटाळा होतो आणि घरांतहि. आंकडा हा पात्राचें चित्र नव्हे. एका टेबलाभोंवतीं बसलेल्या माणसांनीं एकमेकांस दिलेला तो शब्द आहे. ज्याच्या वीराला आठ बुद्धि आहे, त्यानें ऐन वेळीं एखादी चूक खुशाल करावी, आणि ज्याच्या वीराला आठ बळ आहे, त्यानें बुडत्या सोबत्यासाठीं तरीहि पुरांत उडी घ्यावी. ती साधेल कीं नाहीं, हें आंकडा आणि फांसा ठरवितील. पण उडी घ्यावी कीं घेऊं नये, ह्याला सहा गुणांत कोठेंहि रकाना नाहीं; आणि महिनोन् महिन्यांनंतर मंडळींच्या लक्षांत राहते ती उडीच.