परदेशी जाताना घरचा नंबर सांभाळा

ई-सिम म्हणजे काय, ते केव्हा घ्यावे आणि कसे बसवावे

परदेशप्रवास ही आता केवळ शहरातल्या माणसांची मिरास राहिलेली नाही. घोड नदीच्या पट्ट्यातील निमोण्यासारख्या गावांतूनही माणसे विमानाने जाऊ लागली आहेत. कोणी कृषी विभागाच्या अभ्यासदौऱ्याला जातो, कोणी नोकरीवरच्या मुलाला भेटायला, तर कोणी लेकीच्या बाळंतपणाला. राज्यातील शेतकऱ्यांना देशाबाहेरील शेती पाहता यावी म्हणून शासनाने २००४-०५ पासून अभ्यासदौऱ्याची योजना चालविली आहे. तीत खर्चाच्या निम्मे किंवा जास्तीत जास्त एक लाख रुपये अनुदान दिले गेले आहे. हॉलंडची हरितगृहे, इस्रायलचे ठिबक अशा गोष्टी आपल्या शेतकऱ्यांनी या निमित्ताने डोळ्यांनी पाहिल्या.

पासपोर्ट, व्हिसा, गरम कपडे, औषधे यांची तयारी महिनाभर आधी सुरू होते. फोनची आठवण मात्र निघण्याच्या आदल्या रात्री होते. गेल्या हंगामात निमोण्यातील एका भगिनीने विचारलेला प्रश्न यासाठी महत्त्वाचा वाटतो. लेक जर्मनीत. तिच्या बाळंतपणासाठी या बाई तीन महिन्यांच्या आत परतायच्या बोलीने निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, लेक म्हणती तिकडं गेल्यावर ई-सिम घ्यायचं. मग माझं हे सिम काढून घरीच ठेवू का? बचत गटाच्या खात्याचा नंबर हाच हाय."

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात सगळे मर्म आहे. आज फोनचा नंबर केवळ बोलण्यापुरता राहिलेला नाही. तो आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा झाला आहे. आधारला तोच, बँकेला तोच, पीएम-किसानला तोच, महाडीबीटीच्या अर्जालाही तोच. प्रत्येक ठिकाणी ओटीपी त्या एका नंबरावर येतो. म्हणून त्या ताईंना दिलेले उत्तर असे होते: घरचे सिम काढायचे नाही. ते फोनमध्येच राहू द्यायचे आणि इंटरनेटसाठी त्याच्या जोडीला ई-सिम घ्यायचे.

ई-सिम म्हणजे काय?

पहिले सिमकार्ड १९९१ साली जर्मनीतल्या म्युनिक शहरी तयार झाले. ते आजच्या एटीएम कार्डाएवढे मोठे होते. पुढे ते कापत कापत नखाएवढे झाले. आपल्या देशात मोबाइलवरून पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता व दिल्ली यांच्या दरम्यान झाले, तेव्हापासून आपणही हे कार्ड वापरतो आहोत.

ई-सिममध्ये वेगळे कार्ड नसते. फोन तयार होतानाच आत एक बारीक चिप पक्की बसविलेली असते आणि कंपनीची माहिती इंटरनेटवरून त्या चिपेत उतरविली जाते. द्राक्षबागायतदारांना हे लगेच समजेल. आपण आधी डॉगरिजचा खुंट लावतो आणि मग त्यावर हव्या त्या जातीचे कलम भरतो. चिप हा खुंट समजा आणि कंपनीचे कनेक्शन हे कलम. फरक एवढाच, की या खुंटावर अनेक कलमे भरून ठेवता येतात. मात्र बहुतेक फोनमध्ये कार्ड व ई-सिम धरून एका वेळी दोनच नंबर चालू राहतात.

भारतात जिओ व एअरटेल यांनी ही सोय २०१८ साली आणली. व्हीआय व बीएसएनएल यांच्याकडेही ती नंतर आली.

आपल्या फोनमध्ये चिप आहे का?

सर्वच फोनमध्ये ती नसते. स्वस्त फोनमध्ये बहुधा नसतेच. पाहण्याची युक्ती सोपी आहे. ज्या ठिकाणी आपण नंबर दाबतो तेथे स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबावे. पडद्यावर आकडे येतील. त्यांत आयएमईआयबरोबर 'ईआयडी' या नावाचा बत्तीस आकडी क्रमांक दिसला, तर फोनमध्ये चिप आहे असे समजावे.

मुलाने किंवा पुतण्याने अमेरिकेहून फोन पाठविला असेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. एक, तो तिकडच्या एखाद्या कंपनीला बांधलेला, म्हणजे 'लॉक' नाही ना. तसा असेल तर दुसऱ्या कंपनीचे सिम त्यात चालणार नाही. दोन, २०२२ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या नव्या आयफोनना कार्ड घालायची जागाच नाही. अशा फोनमध्ये घरचा नंबरही आधी आपल्या कंपनीकडून ई-सिम करून घ्यावा लागतो.

आधी हिशोब, मग खरेदी

ई-सिम प्रत्येकाने घ्यावेच असे नाही. आठ-दहा दिवसांचा गटाने जायचा दौरा असेल, तर आपल्याच कंपनीचा परदेशी रोमिंगचा पॅक घेणे पुष्कळदा सोपे पडते. नेपाळला पशुपतिनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनीही आधी याचीच चौकशी करावी. मुक्काम लांबणार असेल, व्हिडिओवर रोज बोलायचे असेल, तर ई-सिम बहुधा स्वस्त पडते. दोन्हींचे दर, दिवस आणि जीबी एका कागदावर शेजारी शेजारी लिहावेत. खताच्या दोन गोण्यांचे भाव आपण असेच ताडून पाहतो.

खरेदी ओळखीच्या ठिकाणी करावी. परदेशी सिम भारतात विकण्यास दूरसंचार विभागाची परवानगी लागते. परवानगी नसल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो व होलाफ्लाय ही दोन ॲप ॲपलच्या भारतातील ॲप स्टोअरमधून काढण्यात आली होती. म्हणून विकणाऱ्याला परवानगी आहे का हे विचारावे, पावती घ्यावी. नातलग तिकडे राहत असेल तर त्याच्याकडून तिकडच्या कंपनीचे घेणे हाही चांगला मार्ग आहे.

प्रवाशांसाठीच्या ई-सिमवर बहुधा फक्त इंटरनेट मिळते, बोलण्याचा नंबर मिळत नाही. त्याने अडत नाही, कारण व्हॉट्सॲप आपल्या जुन्याच नंबरावर चालू राहते. 'नंबर बदलायचा का?' असे व्हॉट्सॲपने विचारल्यास 'नाही' म्हणावे. दुबईकडे जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे, की तेथे व्हॉट्सॲपवरून संदेश जातात, पण त्यावरून बोलण्यावर निर्बंध आहेत.

बसविण्याची रीत

हे काम घरी बसून, निघण्यापूर्वी आठवडाभर आधी करावे. त्याला इंटरनेट लागते, म्हणून विमानतळावर उतरल्यावर करू म्हणणे धोक्याचे आहे.

१) ई-सिम विकत घेतल्यावर क्यूआर कोडचे चौकोनी चित्र येते. ते आपल्याच फोनवर आले तर त्याच फोनने टिपणे अवघड जाते. म्हणून ते घरातल्या दुसऱ्या फोनवर घ्यावे किंवा कागदावर छापून आणावे.

२) सेटिंग उघडावे. अँड्रॉइड फोनमध्ये नेटवर्क किंवा कनेक्शन या नावाखाली सिमचा भाग असतो. आयफोनमध्ये तो मोबाइल किंवा सेल्युलर या नावाखाली सापडतो. तेथे 'ॲड ई-सिम' असे लिहिलेले दिसेल. ते दाबून कॅमेरा क्यूआर कोडवर धरावा.

३) दोन-चार मिनिटांत नवे कनेक्शन उतरते. फोन नाव विचारील. एकाला 'घर' व दुसऱ्याला 'परदेश' अशी नावे द्यावीत. पुढे घोटाळा होत नाही.

४) पॅकचे दिवस बसविल्यापासून मोजले जातात की परदेशी नेटवर्क मिळाल्यापासून, हे आधी वाचावे. बसविल्यापासून मोजत असतील, तर निघण्याच्या आदल्या दिवशी बसवावे.

५) बसविलेले ई-सिम काढून टाकू नये. एकदा वापरलेला क्यूआर कोड बहुतेक वेळा दुसऱ्यांदा चालत नाही. नको असेल तेव्हा ते नुसते बंद करून ठेवावे.

तिकडे उतरल्यावर

येथे तीन कळा महत्त्वाच्या आहेत. त्या पाठ कराव्यात किंवा चिठ्ठीवर लिहून पासपोर्टमध्ये ठेवाव्यात.

पहिली: मोबाइल डेटा 'परदेश' वर ठेवावा.

दुसरी: 'परदेश' या सिमचे डेटा रोमिंग चालू करावे. ते चालू केल्याशिवाय बहुधा इंटरनेट मिळत नाही.

तिसरी: 'घर' या सिमचे डेटा रोमिंग बंद ठेवावे. गरज पडेल तसे एका सिमवरून दुसऱ्यावर आपोआप जाण्याची सोय फोनमध्ये असते, तीही बंद करावी. ही तिसरी कळ विसरली, तर बारे उघडे राहून दुसऱ्याच्या वाफ्यात पाणी जावे तसे पैसे जातात.

'घर' हे सिम मात्र पूर्ण बंद करू नये. डेटा बंद, पण सिम चालू, असे ठेवावे. ओटीपी त्यावरच येणार आहेत. परदेशात संदेश यावेत म्हणून रोमिंगची सेवा सुरू असावी लागते. निघण्यापूर्वी आपल्या कंपनीकडे तीन प्रश्न विचारावेत: रोमिंग सुरू आहे का, संदेश यायला पैसे पडतात का, आणि कोणाचा फोन उचलला तर मिनिटाला किती पडतात? फोन उचलण्याचा दर मोठा असू शकतो. घरच्यांना आधीच सांगावे, की साधा फोन करू नका, व्हॉट्सॲपवर बोला. वेळेचेही भान ठेवावे. आपल्याकडे सकाळी सहाला धार काढायची वेळ होते, तेव्हा हिवाळ्यात जर्मनीत रात्रीचे दीड वाजलेले असतात.

घरचे रिचार्ज संपू देऊ नये. मुदत संपली की आधी जाणारे फोन बंद होतात, मग येणारे संदेश. नंबर फार दिवस पडून राहिला तर कंपनी तो बंद करते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला देते. मग आपल्या खात्याचे संदेश परक्याच्या हाती पडू लागतात. निघतानाच परत येण्याच्या तारखेपुढे महिनाभर पुरेल असे रिचार्ज करावे.

बँकेची व शासनाची ओटीपी लागणारी कामे निघण्यापूर्वी उरकावीत. बचत गटाच्या खात्यावर दुसऱ्या सहीदार भगिनीचा नंबर जोडलेला आहे याची खात्री करून घ्यावी. निमोण्याच्या ताईंनी तसेच केले. गटाचे काम एक दिवसही खोळंबले नाही.

आदल्या दिवशी सिम बदलू नका

एक नियम फार थोड्यांना ठाऊक असतो. सिम बदलून घेतले, म्हणजे हरवले म्हणून नवे घेतले किंवा कार्डाचे ई-सिम करून घेतले, की पहिले चोवीस तास त्या नंबरावर संदेश येत नाहीत व जात नाहीत. फसवणूक थांबावी म्हणून दूरसंचार विभागाने २०२२ साली हा नियम केला. म्हणजे त्या दिवशी ओटीपी नाही आणि बँकेचे कामही नाही. यूपीआयचे ॲपही पुन्हा नोंदवावे लागते. हा बदल करायचाच असेल तर निघण्यापूर्वी पंधरा दिवस करावा.

ई-सिमच्या नावाने चालणारी चोरी

हे कलम परदेशी न जाणाऱ्यांनीही वाचावे. फोन येतो, "तुमचे सिम बंद होणार आहे, ई-सिम करून घ्या." पाठोपाठ लिंक येते. माणूस घाबरून ती दाबतो, होकार देतो किंवा ओटीपी सांगतो. झाले! आपल्या नंबराचे ई-सिम चोराच्या फोनमध्ये उतरते. आपल्या हातातले कार्ड मुके होते आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२५ मध्ये याबाबत लोकांना सावध केले आहे.

सिम बदलायचे तर स्वतः कंपनीच्या दुकानात जावे. फोनवर आलेल्या माणसाचे ऐकून कधीही बदलू नये. ओटीपी व क्यूआर कोड कोणालाही देऊ नये. आसपासच्या सर्वांचे नेटवर्क चालू असताना आपलेच एकाएकी गेले, तर तास-दोन तास वाट पाहत बसू नये. शेजाऱ्याच्या फोनवरून आधी कंपनीला व बँकेला कळवावे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडविली जाण्याची शक्यता अधिक.

जाता जाता

वैष्णोदेवी किंवा अमरनाथला निघालेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. प्रीपेडचे ई-सिम करून घेतल्याने यात फरक पडत नाही. गटात निदान दोघांकडे तरी पोस्टपेड असावे.

फोन कितीही शहाणा असला तरी तो पडतो, भिजतो, त्याची बॅटरी संपते. म्हणून घरचे दोन नंबर, तिकडच्या नातलगाचा पत्ता आणि तेथील भारतीय दूतावासाचा नंबर एका कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवावा. भारतात फोन लावताना आधी अधिकचे चिन्ह, मग ९१ आणि मग दहा आकडी नंबर, हेही त्याच कागदावर लिहावे. त्या कागदाला चार्जिंग लागत नाही.