लडाखची वीज आणि लडाखची ऊब
(वीज आणि वस्ती : लेखांक ६)

लक्षद्वीपच्या डिझेलवरच्या विजेविषयी मागच्या आठवड्यात पाहिलं. आज समुद्रसपाटीवरून थेट साडेतीन हजार मीटरवर, लेहला जायचं आहे. २०११च्या जनगणनेनुसार लडाखची लोकसंख्या सुमारे २ लाख ७४ हजार, क्षेत्रफळ सुमारे ५९ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम पाच माणसं. तारा लांबच लांब आणि ग्राहक मूठभर, असा हा मुलूख. नफ्यातोट्याच्या हिशेबावर इथे कधीच वीज आली नसती. ती सरकारनेच आणायची होती.

लेह आणि कारगिल बराच काळ देशाच्या वीजजाळ्याबाहेर होते. लहान जलविद्युत केंद्रं आणि डिझेल जनित्रं यांवर भागायचं, आणि ते डिझेलही काश्मीरकडून येणारी झोजिला खिंड बर्फाने बंद होण्याआधी भरून ठेवावं लागे. पुढे एनएचपीसी या सरकारी जलविद्युत कंपनीने सिंधूवर ४५ मेगावॅटचा निम्मो-बाझगो आणि कारगिलजवळ सुरू नदीवर ४४ मेगावॅटचा चुटक प्रकल्प उभारला. पण इथल्या नद्या उन्हाळ्यात हिमनद्यांच्या पाण्याने फुगतात आणि थंडीत रोडावतात. विजेची निकड सर्वांत जास्त असते नेमकी तेव्हाच नदीला पाणी नसतं. ही कोंडी फुटली २०१९मध्ये. झोजिला ओलांडून द्रास, कारगिल, खालत्सीमार्गे लेहला जाणारी ३३५ किलोमीटरची २२० केव्ही वाहिनी सुरू झाली आणि उन्हाळ्यातली जास्तीची वीज बाहेर, हिवाळ्यातली कमी पडणारी वीज आत, असा व्यवहार शक्य झाला. लडाखच्या माणसासाठी घेतलेला हा खरा उपयोगी निर्णय, असं मी मानतो.

त्यानंतरचं धोरण मात्र वेगळ्याच मापाचं आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लडाखमधल्या १३ गिगावॅट सौर आणि पवन विजेसाठी पारेषण प्रकल्प मंजूर केला. खर्च सुमारे २०,७७४ कोटी रुपये, त्यातला ४० टक्के वाटा केंद्राचं अनुदान. लडाखमधल्या पांगपासून हिमाचल, पंजाबमार्गे हरियाणातल्या कैथलपर्यंत ५ गिगावॅट क्षमतेची वाहिनी, सगळ्या वाहिन्यांची लांबी मिळून ७१३ किलोमीटर, आणि उद्दिष्ट २०२९-३०चं. १३ गिगावॅट म्हणजे आपल्या कोयनेच्या साडेसहा पट क्षमता! जागेची निवड चुकीची म्हणता येणार नाही. पांग साडेचार हजार मीटरच्या आसपास. हवा विरळ आणि स्वच्छ, ऊन प्रखर, शिवाय सौर पॅनल थंडीत अधिक कार्यक्षम चालतात.

वाचकाला इथे एक प्रश्न पडेल. क्षमता १३ गिगावॅट, मग वाहिनी ५ गिगावॅटचीच कशी? एक तर ऊन आणि वारा एकाच वेळी पूर्ण जोरात असतीलच असं नाही. दुसरं, या योजनेत १२ गिगावॅट-तासांची बॅटरी साठवण आहे. दुपारची जास्तीची वीज साठवून ती संध्याकाळी त्याच वाहिनीतून पाठवायची, म्हणजे एवढा महागडा मार्ग रिकामा राहत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी वाहिनीला पूर्ण क्षमतेने साधारण अडीच तास पुरवठा करू शकेल.

ही वाहिनी लेहच्या जाळ्यालाही जोडायची आहे, ही चांगली गोष्ट. तरीही या योजनेतली बहुतेक वीज मैदानी राज्यांसाठी आहे, हे स्पष्टपणे म्हटलं पाहिजे. लडाखी कुटुंबाची हिवाळ्यातली पहिली गरज उजेडाआधी उबेची असते. थंडीत सगळं घर एका खोलीत गोळा होतं. मध्यभागी पत्र्याची बुखारी, तिचं धुराडं छतातून बाहेर काढलेलं. तिच्यात शेणी, पॉप्लर-विलोची लाकडं, नाहीतर रॉकेल. जुन्या घरांत खाली गुरं बांधत, त्यांची ऊब वरच्या खोलीला मिळे. मेगावॅट मोजणाऱ्या धोरणात या खोलीची नोंदच होत नाही.

आणि उपाय तिथेच आहे. फेय गावाजवळच्या सेकमॉल संस्थेच्या इमारती दक्षिणाभिमुख, जाड मातीच्या भिंतींच्या, काचेतून ऊन आत घेणाऱ्या आहेत. बाहेर उणे पंधरा असतानाही आत शेगडीशिवाय मुलं अभ्यासाला बसतात. अशा बांधकामाला, जुन्या घरांच्या भिंती-छपरांना उष्णतारोधक थर देण्याला सढळ अनुदान मिळालं, तर विजेची आणि रॉकेलची मागणीच कमी होईल. हजारो कोटींच्या वाहिनीशेजारी ही रक्कम किरकोळच राहील. मला हेच अग्रक्रमाचं काम वाटतं.

उरतो जमिनीचा प्रश्न, आणि तो गंभीर आहे. पांगच्या परिसरातली, नकाशावर रिकामी दिसणारी पठारं रुपशू आणि खारनाकच्या चांगपा पशुपालकांची चराऊ कुरणं आहेत. पश्मिना देणाऱ्या शेळ्या ऋतूनुसार तिथे फिरतात. एका कुरणाला कुंपण पडलं की पुढच्या कुरणावर भार येतो. मार्च २०२४मध्ये लडाखचे कार्यकर्ते सोनम वांगचुक यांनी लेहमध्ये २१ दिवसांचं उपोषण केलं, त्यात आदिवासी भागांना स्वायत्तता देणाऱ्या, राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीच्या मागणीबरोबर चराऊ जमिनींची चिंताही होती. पॅनलच्या रांगा किती उंच, मधून कळप जायला वाट कुठे, भाडं कोणाला, हे चांगपांच्या गावसभेत बसून ठरायला हवं, आणि तेही खांब रोवण्याआधी.

पुढच्या लेखांकात चांगपांच्या याच चांगथांग पठारावरच्या पुगा खोऱ्यात जाऊ. तिथे जमिनीतून उकळतं पाणी वर येतं, आणि त्या उष्णतेपासून वीज मिळवण्यासाठी ओएनजीसीने २०२१मध्ये करार केला आहे.