दोन हजार बत्तीसचा सेल

सकाळी ९.४०
साताऱ्यात मोती चौकाजवळ, एका जिन्याखाली अण्णांचं दुकान. रुंदी चार फूट. काम घड्याळं दुरुस्तीचं, वडिलांपासूनचं. आज शनिवार. उद्या यवतेश्वरचा घाट चढायची हाफ मॅरेथॉन. एरवी आठवड्याला दोन-तीन येणारे छातीचे पट्टे आज शटर उघडायच्या आतच पायरीवर हजर. पट्टा छातीला बांधायचा, पुढची डबी ठोके मोजते, मनगटावरच्या घड्याळाला कळवते. डबीतला बटण सेल संपला की सगळं थांबतं.

१०.०५
पुण्याहून आलेली मुलगी. "काका, सेल परवाच बदललाय, तरी पळताना मध्येच ठोके गायब होतात."

अण्णा डोळ्याला भिंग लावतात. डबीच्या पाठीला चार स्क्रू, तिळाएवढे. निघाला की प्रत्येक चुंबकावर. झाकण उघडतं. अण्णा सेलवरचे आकडे वाचतात आणि हसतात.

"ताई, हा दोन हजार पंचवीसचा. तुम्हाला बत्तीसचा पाहिजे."

दोन्ही तीन व्होल्टचे, दोन्ही वीस मिलिमीटर रुंद. जाडी तेवढी वेगळी: एक अडीच मिलिमीटर, दुसरा ३.२. नावातच लिहिलेलं असतं, पण वाचतं कोण? बसून पाहिलं तर चालतो. पळायला लागलं की पत्रा सुटतो.

अण्णा नवा सेल प्लॅस्टिकच्या चिमट्यानं कडेला धरून ठेवतात. लोखंडी चिमटा दोन्ही बाजूंना टेकला तर सेल दुकानातच उतरायला लागतो. मग पाठीची दोन टिचबटणं, त्यांवर दोन हातांचे ओले अंगठे. मुलीच्या मोबाइलवर आकडा येतो: ७६. अण्णांचे ठोके. १२० रुपये.

११.३०
आता पोलरची डबी. हिला स्क्रू नाहीत, झाकणाला खाच. एक रुपयाचं नाणं घालून फिरवायचं. आणि हिला मात्र पंचवीसचाच सेल लागतो. फिनलंडच्या या कंपनीनं १९८२ साली बिनतारी ठोकेमापक बाजारात आणला. अण्णा तेव्हा वडिलांच्या शेजारी बसून चावीची घड्याळं पुसत होते.

दुपारी १२.४५
दिवसातलं अवघड काम. आत हिरवट मीठ. घाम शिरलाय. कारण सापडतं: झाकणाखालची रबरी रिंग पिळवटलेली. मागच्या वेळी कुणीतरी घाईनं दाबून बसवली. माझ्या मते सेल बदलणं हे कामच नव्हे, झाकण परत लावणं हे काम. पत्र्याच्या टोकावर खोडरबर. मग कान साफ करायची काडी स्पिरिटमध्ये बुडवून. पुन्हा खोडरबर. नवी रिंग, तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट. चारही स्क्रू तिरपे, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत. चाळीस मिनिटं गेली. दोनशे रुपये सांगितले.

"सेलचे दोनशे?"

"सेलचे एकशेवीसच. बाकीचे मिठाचे."

२.३०
डबा. भाकरी, मेथी. शेजारचा चहा दहा रुपये.

४.२०
एक गृहस्थ जुना पट्टा घेऊन येतात. डबी सगळीकडून बंद, झाकणच नाही. कंपनीनं सेल आत कोंडून दिलाय. संपला की पट्टाच नवा घ्यायचा. अण्णा उलटसुलट करून परत देतात. "कापून देईन, पण पुन्हा पाणी अडणार नाही." पैसे घेत नाहीत.

६.१५
ठरलेलं गिऱ्हाईक, दर महिन्याला येणारं. अण्णा आज विचारतातच, "साहेब, पळून आल्यावर डबी पट्ट्यावरच ठेवता?"

"हो. का?"

"ओला पट्टा म्हणजे तिला छातीच वाटते. रात्रभर मोजत बसते. एक बटण काढून ठेवत जा."

आता हे गिऱ्हाईक वर्षाला एकदा येणार. मी तसं म्हटलं. अण्णा पुढच्या डबीचे स्क्रू काढत होते.

८.५०
हिशोब वहीवर. पट्टे अकरा: दहा एकशेवीसनं, एक दोनशेला, चौदाशे. मनगटी घड्याळांचे आठ सेल ऐंशीनं, सहाशे चाळीस. सेलांची घाऊक किंमत सहाशे पंच्याण्णव वजा. हातात तेराशे पंचेचाळीस, त्यातून दिवसाचं भाडं दीडशे. एरवी सहाशेच्या वर जात नाही. रिकाम्या सेलांना दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून बरणीत. भंगारवाला ते घेत नाही.

शटर ओढताना फोन वाजतो. कुणीतरी विचारतंय, सकाळी पाचला दुकान उघडाल का?

"पट्टा आत्ता ओला करून घाला आणि बघा," अण्णा म्हणतात. "बंद असेल तर आत्ता या. पाचला मी झोपलेला असतो."